फिर्यादीपासून निकालापर्यंत : फौजदारी न्यायालयातील शब्दांची ओळख



फौजदारी कायद्याची भाषा अवघड आहे, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनुभव मात्र थोडा निराळा आहे. येथे ‘जामीन’, ‘कोठडी’, ‘चार्जशीट’, ‘पंचनामा’, ‘तडीपार’ हे शब्द चहाच्या टपरीवरही सहज कानी पडतात. शब्द सर्वांच्या ओठी आहेत, पण त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. गुन्हा दाखल झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला, अजामीनपात्र म्हणजे आता सुटकाच नाही, अशी समीकरणे मनात पक्की बसली आहेत. या घोटाळ्याची किंमत कोणा कामगाराला नोकरीने, तर कोणा कुटुंबाला अब्रूने मोजावी लागते.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे कारखानदारीची सीमा चाकणच्या माळापर्यंत सरकली. मराठवाडा-विदर्भातून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा या राज्यांतून आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. अशा माणसावर फौजदारी प्रसंग ओढवला, तर तो प्रथम वकिलाकडे जात नाही. तो खोलीमालकाकडे जातो, ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे जातो, मुलाच्या शाळेतील गुरुजींकडे किंवा ग्रामसेवकाकडे जातो. त्यांनी वकिली करावी अशी अपेक्षा नाही. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे एवढे त्यांना सांगता आले, तरी त्या माणसाचे निम्मे भय ओसरते.

न्यायालयातील मराठीवर इतिहासाचे थर स्पष्ट दिसतात. ‘फिर्याद’, ‘जामीन’, ‘मुचलका’, ‘मुद्देमाल’, ‘जप्ती’ हे अरबी-फारसी वळणाचे शब्द जुन्या दरबारी कारभारातून आले. ‘समन्स’, ‘वॉरंट’, ‘रिमांड’ इंग्रजी अमदानीने आणले. ‘दोषारोप’, ‘दोषसिद्धी’, ‘अभियोग’ ही संस्कृत घडण राज्यकारभार मराठीतून चालविण्याच्या प्रयत्नांत रुळली. ‘अजामीनपात्र’ या एकाच शब्दात संस्कृत उपसर्ग, अरबी मुळाचा जामीन आणि पुन्हा संस्कृत ‘पात्र’ अशी तिघांची मोट आहे. पंडितांनी नाक मुरडावे अशीच ही जोडणी; पण लोकांना ती कळली, म्हणून ती टिकली.

एका शब्दाच्या अर्थावर माणसाचे स्वातंत्र्य कसे टांगलेले असते, याचे उदाहरण चिंचवडकरांना दूर शोधावे लागत नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्यानंतरच्या खळबळीत लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील मजकुराबद्दल मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. सारा वाद कायद्यातील ‘अप्रीती’ या अर्थाच्या एका शब्दाभोवती फिरत होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारविषयी प्रेम नाही, एवढ्यावरच माणूस अपराधी ठरावा असा हा अर्थ झाला! ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा भारतीयांनी निर्दोष म्हटले आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

जुने कलम आणि नवे कलम

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे अमलात आले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. ‘चारशेवीस’ ही शिवी मात्र कोणत्याही अधिसूचनेने बदलेल असे दिसत नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयास हवी. कोणता दंडविषयक कायदा लागू होणार, हे अपराध घडल्याच्या तारखेवरून ठरते, खटला चालण्याच्या तारखेवरून नव्हे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या फुलबाज्या तयार होत असलेल्या जागी भीषण आग लागली आणि अनेक महिला कामगारांचे प्राण गेले. ती घटना नव्या कायद्यांच्या आधीची. म्हणून तिच्यासंबंधीचा विचार जुन्या दंड संहितेनेच व्हावयाचा.

अशा दुर्घटनेनंतर ‘कोणते कलम लावले?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो योग्यच आहे. जुन्या संहितेत कलम ३०४ म्हणजे खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे याची जाणीव असताना ते कृत्य केले, हा त्याचा एक प्रकार. या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत असे. कलम ३०४-अ म्हणजे हयगयीने किंवा बेदरकारपणे घडवून आणलेला मृत्यू. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे. दोहोंमधील अंतर कागदावर एका ‘अ’चे आहे! न्याय संहितेत हे दोन अपराध अनुक्रमे कलम १०५ आणि १०६ मध्ये आले असून हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा आता सर्वसाधारणपणे पाच वर्षे आहे. मालकाला धोका ठाऊक होता काय, दाराला कुलूप होते काय, परवाना होता काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर तो ‘अ’ राहतो किंवा जातो.

खबर आणि तिची नोंद

ज्यास सर्वजण ‘एफ.आय.आर.’ म्हणतात, ती पोलिसांना मिळालेली अपराधाची प्रथम खबर होय. ती देणारा तो फिर्यादी. खबर हा तपासाचा आरंभ आहे. तिच्यात ज्याचे नाव आले तो त्या क्षणी फार तर संशयित असतो, आणि पुष्कळदा तर नावही नसते. ३० जुलै २०१८ रोजी चाकण येथे आंदोलनाला हिंसक वळण लागून बसगाड्या जाळण्यात आल्या, तेव्हा हजारो अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हे नोंदविण्यात आले होते. पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर उद्देशाने एकत्र आली की कायद्याच्या भाषेत तो ‘बेकायदेशीर जमाव’ होतो, आणि त्या सामाईक उद्देशासाठी एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी जमावातील इतरांवरही येते. म्हणूनच ‘मी फक्त उभा होतो’ या उत्तराने प्रश्न संपत नाही. तसाच तो नुसत्या उपस्थितीने शाबीतही होत नाही.

अपराध ‘दखलपात्र’ असेल तर पोलिसांनी खबर नोंदवून घेणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. नव्या संहितेने तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अपराधांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा तेवढी ठेवली आहे. ‘अदखलपात्र’ अपराधाची नोंद होते, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ‘एन.सी. झाली’ असे ज्यास म्हणतात ते हेच. शेजाऱ्याने शिवीगाळ केली आणि पोलिसांनी एन.सी. घेतली, म्हणून पोलीस त्यास पाठीशी घालतात असा अर्थ निघत नाही.

या पट्ट्यात हद्दीचा प्रश्न नेहमीचा आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि पूर्वी पुणे ग्रामीणमध्ये असलेले चाकण, तळेगाव यांसारखे भाग त्याखाली आले. तालुक्यांच्या सीमा मात्र जागच्या जागी राहिल्या. चाकण हे खेड तालुक्यात आहे आणि खेडचे न्यायालय राजगुरुनगरला. तळेगाव मावळात, त्याचे न्यायालय वडगावला. पोलीस आयुक्त चिंचवडला आणि न्यायालय तालुक्याच्या गावी, हे नवख्यास चमत्कारिक वाटते. रात्रपाळी संपवून पुणे-नाशिक रस्त्याने निघालेल्या कामगारास चाकणजवळ लुबाडले आणि तो भोसरीच्या ठाण्यात पोहोचला, तर ‘ही आमची हद्द नाही’ असे सांगून त्यास परत पाठविता येत नाही. तेथे शून्य क्रमांकाने खबर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि तपास कोठवर आला हे पोलिसांनी त्यास ९० दिवसांच्या आत कळविले पाहिजे.

एकाने चोरून नेले तर चोरी. धाक किंवा बळ वापरून नेले तर जबरी चोरी. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून तसे केले, तर दरोडा. वृत्तपत्रे दोघांनी केलेल्या लुटीलाही दरोडा म्हणतात. ते वृत्तपत्रांपुरते ठीक. अर्जात मात्र तसे लिहू नये.

नोटीस, अटक आणि दोन कोठड्या

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अपराधांत अटकेची आवश्यकता नसेल, तर पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. ही नोटीस म्हणजे अटक नव्हे. ठरल्या वेळी हजर राहून तपासाला साहाय्य करणाऱ्यास सहसा अटक करावयाची नसते. तशी आवश्यकता भासली, तर तिची कारणे लेखी नोंदवावी लागतात. पण घडते असे की, नोटीस पाहताच खोली रिकामी करून माणूस गावी निघून जातो. मग समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र वॉरंट आणि शेवटी फरारी म्हणून उद्घोषणा अशी साखळी सुरू होते. मुळात किरकोळ असलेले प्रकरण पळण्याने गंभीर होऊन बसते. नोटीस घेऊन आलेल्या कामगारास ‘आधी जाऊन हजर हो’ एवढा सल्ला देणाऱ्या सदस्याने मोठेच काम केले, असे म्हणावे लागेल.

अटक झालीच, तर अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, नातेवाइकास किंवा मित्रास कळविले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. त्यानंतर दोन शब्द ऐकू येतात. ‘पी.सी.आर.’ म्हणजे पोलीस कोठडी; आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात राहतो. ‘एम.सी.आर.’ म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने न्यायालयीन कोठडी. आरोपी तुरुंगात, या भागात बहुधा येरवड्यास, जातो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांहून अधिक देता येत नाही. ‘पोलीस कोठडीतून काढून येरवड्याला टाकले’ हे ऐकून आईबाप हंबरडा फोडतात. वास्तविक पोलिसांची प्रत्यक्ष चौकशी संपत आल्याची आणि जामिनाच्या अर्जास अनुकूल काळ आल्याची ती बहुधा खूण असते.

शासकीय कर्मचाऱ्यांनी येथे एक आकडा विसरू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. मग ती कोठडी पोलिसांची असो की न्यायालयीन. परंतु निलंबन ही शिक्षा नव्हे. ग्रामपंचायत सदस्याचेही तेच. नुसत्या गुन्ह्याच्या नोंदीने सदस्यत्व जात नाही. अपात्रतेचा प्रश्न दोषसिद्धी आणि शिक्षा झाल्यावर येतो.

वृत्तपत्रांतील आणखी एक वाक्य तपासून घ्यावयास हवे : ‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली.’ पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यासमोर, ‘कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकेल’ अशी समज दिल्यानंतर, स्वखुशीने दिलेला जबाब तोच काय तो खरा कबुलीजबाब. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढाच भाग चालतो. त्यासाठीच पंच बोलावून निवेदन पंचनामा करतात.

जामीन

जामिनाइतका गैरसमजात सापडलेला शब्द दुसरा नसेल. जामीनपात्र अपराधात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र अपराधात तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. तो मिळतच नाही असे नव्हे. अटकेची भीती असणारा सत्र न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे ‘अटकपूर्व जामीन’ मागू शकतो. ठरावीक मुदतीत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. ही मुदत अपराधाच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांची असते. अशा सुटकेस ‘पुराव्याअभावी सुटला’ म्हणणे साफ चूक आहे.

जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी हमी देणारा दुसरा माणूस. ‘पंचवीस हजारांचा जामीन’ म्हणजे पंचवीस हजार रुपये न्यायालयात भरले असे नाही. आरोपी हजर न राहिल्यास तेवढी रक्कम वसूल करता येईल, असे ते बंधन आहे. जामीनदारास आपली ऐपत दाखवावी लागते. शेतकऱ्याजवळ सात-बाराचा उतारा असतो, नोकरदाराजवळ पगाराचा दाखला असतो. तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखलाही मिळविता येतो. नांदेडहून किंवा बिहारमधून आलेल्या कंत्राटी कामगारास चाकणमध्ये सात-बारावाला जामीनदार कोठून मिळावा? जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी माणूस आत राहतो, ही या पट्ट्यातील खरी व्यथा आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली असेच प्रकरण आले होते. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील एका गवंड्यास जामीन मिळाला. दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्यास नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या दृष्टीवर कठोर शब्दांत टीका केली आणि त्या गवंड्यास १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. परजिल्ह्यातील जामीनदार केवळ परजिल्ह्यातील म्हणून नाकारता येत नाही, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. जामीनपात्र अपराधात आठवडाभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्या आरोपीस निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूदही संहितेत आहे. तरीही ही बाब अर्जात मांडावी लागते. आपण होऊन ती कोणी विचारत नाही.

ग्रामपंचायतीकडे अशा वेळी रहिवासाचा दाखला, घरपट्टीची पावती यांची मागणी होते. ते वेळेवर द्यावेत, पण खरे द्यावेत. पैसे घेऊन कोणाचाही जामीनदार होणारी माणसे न्यायालयांच्या आवारात वावरत असतात. त्यांच्या हाती खोटा दाखला पडला, तर तो देणाराच उद्या आरोपी होतो.

पंच, साक्षीदार आणि तडजोड

झडतीच्या वेळी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलाविले जाते. गावात हे निमंत्रण बहुधा सदस्यास किंवा शिक्षकासच येते आणि बहुतेक जण ते टाळू पाहतात. लेखी आदेश असूनही सबळ कारणावाचून नकार देणे हा अपराध ठरू शकतो. पंचाने प्रत्यक्ष पाहिले तेवढ्यावरच सही करावी. कोऱ्या किंवा न वाचलेल्या पंचनाम्यावर सही करणारा पंच पुढे पाच वर्षांनी उलटतपासणीत उघडा पडतो, आणि कधी कधी त्याच्यासोबत सारा खटलाच कोसळतो. त्याला बोलावणाऱ्या पक्षाने विचारलेले प्रश्न ती सरतपासणी. विरुद्ध पक्षाने विचारलेले ती उलटतपासणी. आपल्याच पक्षाविरुद्ध बोलू लागलेल्या साक्षीदारास ‘फितूर’ घोषित करतात. तो खोटेच बोलतो असे त्यावरून ठरत नाही.

‘माफीचा साक्षीदार’ हा निराळाच. तो अपराधातील साथीदार असतो आणि संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्यास माफी देते. चापेकर प्रकरणातील द्रविड बंधू हे पोलिसांना माहिती पुरविणारे खबरे होते. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. खबऱ्या न्यायालयासमोर न येताही खबर देऊ शकतो. माफीच्या साक्षीदारास मात्र पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागते.

‘फिर्याद मागे घेतो’ हे वाक्यही विचार करण्याजोगे आहे. पोलिसांनी चालविलेल्या खटल्यात फिर्यादी पक्ष म्हणजे राज्य. खबर देणारा हा त्यातील साक्षीदार. म्हणून त्याने मनात आणले की खटला संपला, असे होत नाही. साधी दुखापत, बदनामी यांसारखे काही ठरावीक अपराध तेवढे आपसात मिटविण्याजोगे आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून राबविल्या गेलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे, भावकीचे पुष्कळ तंटे मिटविले, हे तिचे श्रेय आहे. पण बलात्कार, दरोडा, खून यांत गावाची बैठक बसवून समझोता करता येत नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हाच २०१२ च्या कायद्याखाली शिक्षेस पात्र अपराध आहे. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण दाबणारा मुख्याध्यापक त्यातून सुटत नाही.

पोलिसांचे पत्र, न्यायालयाचा आरोप

तपास संपला की पोलीस न्यायालयाकडे अहवाल देतात. पुरावा असेल तर ते दोषारोपपत्र, म्हणजेच ‘चार्जशीट’. नसेल तर ‘समरी’. महाराष्ट्रात तिचे तीन वर्ग आहेत. ‘अ’ समरी म्हणजे अपराध घडला खरा, पण आरोपीचा शोध लागला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली खोटी. ‘क’ समरी म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही. ती गैरसमजाने दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. दुचाकी चोरीस गेलेल्या कामगारास ‘अ’ समरीचे पत्र येते आणि आपल्यावरच काही बालंट आले असे त्यास वाटते. तसे काही नसते. विम्याच्या दाव्यासाठी तेच पत्र लागते. समरीवर हरकत घेण्याची संधी फिर्यादीस दंडाधिकाऱ्यापुढे मिळते.

दोषारोपपत्र हे पोलिसांचे म्हणणे. ते वाचून आणि दोन्ही बाजू ऐकून न्यायालय आरोप ठेवते, तेव्हा ‘आरोप निश्चिती’ होते. आरोप ठेवण्याजोगेच काही नसेल, तर न्यायालय आरोपीस ‘आरोपमुक्त’ करते. पूर्ण खटला चालून पुरावा अपुरा ठरला, तर ‘निर्दोष मुक्तता’ होते. ‘संशयाचा फायदा देऊन’ झालेली मुक्तता ही कमी प्रतीची, असा समज कार्यालयांतूनही आढळतो. फौजदारी कायद्यात आरोप निःसंशय शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. ती पार पडली नाही, तर आरोपी निर्दोष. विभागीय चौकशीत पुराव्याचे माप निराळे असते, म्हणून ती स्वतंत्रपणे चालू शकते, हे मात्र कर्मचाऱ्यांनी जाणून असावे.

‘तडीपार’ हा शब्द मात्र या साखळीतला नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली कमाल दोन वर्षांसाठी दिला जाणारा हद्दपारीचा हा आदेश प्रतिबंधक आहे. तो न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे. पूर्वी तळेगाव-चाकणच्या माणसाला यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागे. आयुक्तालय झाल्यापासून हे अधिकार पोलीस उपायुक्तांकडे आहेत. ‘चॅप्टर केस’ही अशीच, शांतता राखण्याची हमी घेण्यापुरती.

विधि साहाय्य

वकील देण्याची ऐपत नाही, एवढ्यामुळे कोणी बचावाशिवाय राहू नये यासाठी विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग यांची नावे त्यात सर्वांना ठाऊक असतात. त्याच कलमात ‘औद्योगिक कामगार’ असाही एक वर्ग आहे, हे या पट्ट्यातील फारच थोड्या कामगारांना माहीत असते. कोठडीत असलेली व्यक्तीही उत्पन्न न पाहता पात्र ठरते. अर्ज तालुका न्यायालयातील विधि सेवा समितीकडे किंवा पुण्याच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे साध्या कागदावर करता येतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारणा करता येते. शिक्षा होऊन तुरुंगात असलेल्यास अपील करावयाचे असेल, तर ते त्याने तुरुंग अधिकाऱ्याकडे दिले तरी पुरते. ते न्यायालयाकडे पाठविणे हे त्या अधिकाऱ्याचे काम.